पहिला हिवाळा, साठ डबे आणि गाडी कोणती घ्यावी

ताई, नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं की गाडीबद्दल विचारताय, आणि दुसऱ्यांदा लक्षात आलं की काळजी वेगळीच आहे. तुम्ही लिहिलंय ते असं: नाशिकहून कॅनडात, ऑन्टारियो प्रांतातल्या ओटाव्याला, कनाटा भागात, येऊन पाच महिने झाले. नोव्हेंबरपासून घरगुती डबे पोचवायचे आहेत, साधारण साठ. बरेचसे कनाटा आणि बारहेवनमध्ये, थोडे नदीपलीकडे, क्यूबेक प्रांतातल्या एल्मरला. पर्याय चार. ओळखीतल्या एकांची जुनी, मागच्या चाकांवर चालणारी मोठी कार्गो व्हॅन, अगदी स्वस्तात. एक २०१५ची ग्रँड कॅरव्हॅन मिनीव्हॅन. बजेटच्या जरा वर जाणारी ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांवर चालणारी, सिएना मिनीव्हॅन. नाहीतर एखादी आरएव्ही-४सारखी छोटी एसयूव्ही. आणि शेजारी म्हणतात, "ऑल व्हील ड्राइव्ह घ्या, मग स्नोची काळजीच नाही."

शेजाऱ्यांचं हे शेवटचं वाक्य तेवढं सोडून द्या. बाकीच्यावर सविस्तर बोलू.

मी मूळचा कराडचा. इथे आल्यावर पहिले सहा हिवाळे कार्गो व्हॅनमधून पार्सलं पोचवली, नंतर विमानतळाची शटल चालवली, आणि आता एका छोट्या कुरिअरवाल्याच्या चौदा गाड्यांची देखभाल बघतो. म्हणजे या शहरात स्नोमध्ये रुतलेल्या गाड्या ढकलण्याचा अनुभव दांडगा आहे. मेकॅनिकल इंजिनिअर नाही, त्यामुळे जे सांगतोय ते चाकाखालचं आहे, पुस्तकातलं नाही.

स्नोमध्ये गाडीला तीन कामं करावी लागतात: जागेवरून निघणं, वळणं आणि थांबणं. ऑल व्हील ड्राइव्हचा खरा उपयोग पहिल्या कामाला. चारही चाकांना ताकद मिळते, त्यामुळे सिग्नलवरून किंवा चढावर गाडी फिरफिर न करता निघते. थांबताना मात्र ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना लागतो, मग ती कोणतीही असो. तिथे इंजिनाची ताकद कुठल्या चाकांना जाते याला काही किंमत नसते. किंमत असते ती टायरच्या रबराला. म्हणूनच दर वर्षी पहिल्या मोठ्या स्नोला हायवे ४१७च्या कडेला खड्ड्यात गेलेल्या गाड्या बघाल, तर त्यात ऑल व्हील ड्राइव्हवाल्या भरपूर दिसतील. गाडी झोकात निघते, त्यामुळे चालवणाऱ्याला रस्ता किती निसरडा आहे हे कळतच नाही. कळतं ते समोरचा ब्रेक मारतो तेव्हा.

मृगाच्या पहिल्या सरीनंतर कसारा घाटातला रस्ता आठवा. धो धो पाऊस सुरू झाला की तोच रस्ता जरा बरा होतो, कारण तेल आणि धूळ धुऊन जाते. पण ती पहिली सर वाईट. इथे तसंच तापमानाचं आहे. उणे वीसमध्ये स्नो पायाखाली करकर वाजतो आणि त्यावर चांगला विंटर टायर बऱ्यापैकी धरतो. घात करतं ते शून्याच्या आसपासचं हवामान. दुपारी थोडं वितळतं, संध्याकाळी परत गोठतं, बर्फावर पाण्याचा बारीक थर राहतो, आणि काळ्या डांबरावर काळाच दिसणारा बर्फ तयार होतो. नवीन माणूस उणे पंचवीसला घाबरतो आणि शून्याला निर्धास्त असतो. तुम्ही उलट करा. पूल आधी गोठतात हेही ध्यानात ठेवा, खालून जमिनीची ऊब नसते म्हणून. एल्मरला जाताना शॅम्प्लेन ब्रिज लागेल, तिथे रस्ता कोरडा दिसला तरी पाय हलका ठेवा. आणि मीठ टाकलंय म्हणजे झालं असंही नाही. थंडी बरीच वाढली की रस्त्यावरचं साधं मीठ फारसं वितळवू शकत नाही, मग वाळू टाकतात.

आता टायर. गाडीआधी टायरचे पैसे बाजूला काढा, असं मी प्रत्येक नवीन मराठी घराला सांगतो. अर्धे लोक हसतात आणि जानेवारीत फोन करतात. ऑल-सीझन टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. आपल्याकडे सर्व ऋतू म्हणजे उन्हाळा, पावसाळा आणि स्वेटरवाला हिवाळा, तसलाच हा 'ऑल-सीझन' समजा. विंटर टायरचं रबर थंडीत मऊ राहतं, आणि त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला चावतात. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं, ते बघून घ्या. नुसतं 'एम अँड एस' (मड अँड स्नो) लिहिलेला टायर म्हणजे विंटर टायर नव्हे.

क्यूबेकमध्ये तिथल्या नोंदणीच्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्याने सक्तीचे आहेत. ऑन्टारियोत सक्ती नाही, म्हणून तुमच्या ऑन्टारियोच्या नंबरप्लेटला पूल ओलांडताना कोणी अडवणार नाही. पण नदीच्या अलीकडचा आणि पलीकडचा बर्फ एकच आहे. शिवाय २०१६पासून ऑन्टारियोतल्या विमा कंपन्यांना विंटर टायरवर सवलत द्यावीच लागते, ती मागून घ्या. खिळेवाल्या टायरचा विचार करू नका, ते आपल्या दक्षिण ऑन्टारियोत चालत नाहीत.

चारही टायर विंटरचेच आणि एकसारखे घ्या. "पुढची चाकं गाडी ओढतात, मग पुढे दोनच बसवू" ही काटकसर अंगाशी येते. पुढचे टायर धरतात, मागचे धरत नाहीत, आणि वळणावर गाडीचं ढुंगण पुढे यायला बघतं. जुने टायर घेणार असाल तर नक्षीची खोली मोजून घ्या. ४ मिलिमीटरच्या जवळ आलेला टायर स्नोला चालत नाही, मग तो बाहेरून कितीही नवा दिसो. गोटा झालेला विंटर टायर आणि उन्हाळी टायर यांत फार फरक उरत नाही. वेगळ्या रिमवर बसवलेला संच मिळाला तर उत्तम, दर मोसमात टायर काढून-घालून घेण्याचे पैसे वाचतात. रिम एक इंच लहान आणि टायर थोडा अरुंद बसत असेल तर आणखी चांगलं. रुंद टायर स्नोवर तरंगायला बघतो, अरुंद टायर त्याला कापत खाली जातो. आणि थंडी पडली की हवा तपासा. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधला दाब एक पीएसआयने कमी होतो. सप्टेंबरात भरलेली हवा जानेवारीत पुरत नाही.

एवढं झालं की गाडीचा विचार. इथे मी एकच गोष्ट बघतो: जी चाकं गाडी हलवतात, त्यांच्यावर वजन किती आहे?

मारुती ओम्नी आठवते? मागच्या चाकांवर चालायची. रिकामी असली की पावसात चढावर मागची चाकं जागच्या जागी फिरायची, मागे चार माणसं बसली की गप्प निघायची. इथली जुनी मोठी कार्गो व्हॅन, शेव्हरोलेची एक्स्प्रेस किंवा फोर्डची ई-सीरिज, म्हणजे तेच प्रकरण मोठ्या अंगाचं. इंजिन पुढे, ड्रायव्हर पुढे, मागे रिकामं पत्र्याचं घर. हलवणारी चाकं मागे, आणि त्यांच्यावरच वजन कमी. सामान भरलं की व्हॅन शहाणी होते.

माझ्या पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी पार्सलांनी गच्च भरलेली व्हॅन घेऊन निघालो. दिवसभर स्नो पडत होता, तरी ती छान चालली. मलाच वाटलं, आपण शिकलो. दुपारी चारला शेवटचं पार्सल दिलं, त्याच रस्त्याने परत निघालो, सकाळच्याच वळणावर सकाळच्याच वेगाने वळलो, आणि व्हॅनची मागची बाजू निवांतपणे माझ्या पुढे आली. आडवा होऊन एका घराच्या हिरवळीवर, म्हणजे त्या वेळच्या पांढऱ्या ढिगात, जाऊन बसलो. कोणाला लागलं नाही. पत्रपेटी तेवढी मोडली, ती भरून दिली. रस्ता तोच होता, टायर तेच होते. बदललं होतं ते मागचं वजन. पोचवणीच्या धंद्यातली गाडी सकाळी एक असते आणि संध्याकाळी दुसरी, हे त्या दिवशी शिकलो. त्यानंतर हिवाळाभर मागच्या ॲक्सलवर वाळूच्या पिशव्या ठेवायला लागलो. नीट बांधून बरं का. सुटी पिशवी ब्रेक मारला की पुढे येते.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोठ्या व्हॅनही आहेत, रॅम प्रोमास्टर त्यातली. तिचं बरोबर उलट होतं. रिकामी असताना ती स्नोमध्ये चांगली, कारण इंजिन हलवणाऱ्या चाकांवरच बसलंय. पार मागच्या दाराशी जड माल भरला आणि चढ आला, की पुढची चाकं हलकी होऊन फिरायला लागतात. आमच्याकडे अशा गाड्या आहेत, त्यात मी जड खोकी ड्रायव्हरच्या पाठीशी लावायला सांगतो. फोर्डची ट्रान्झिट व्हॅन २०२०पासून ऑल व्हील ड्राइव्हमध्येही मिळते, पण ती किंमत तुमच्या कामाला झेपणारी नाही. या सगळ्या उंच व्हॅनना आणखी एक खोड असते: मोकळ्या हायवेवर आडवा वारा आला की त्या शिडासारख्या ढकलल्या जातात, आणि खाली बर्फ असेल तर ते फार जाणवतं.

आता तुमचा हिशेब करू. साठ डबे. वरण, भात, भाजी, पोळ्या धरून एक डबा सव्वा किलोचा धरला तर सगळे मिळून पंच्याहत्तर किलो. म्हणजे मागे एक माणूस बसल्यासारखं. त्या मोठ्या व्हॅनला हे वजनच नाही! ती सकाळीही रिकामी आणि दुपारीही रिकामी. दिवसभर तुम्ही तिचा वाईट चेहराच बघणार. म्हणून ती स्वस्त असली तरी तुमच्यासाठी नको, आणि पहिल्याच हिवाळ्यात तर नकोच नको. विकणारे ओळखीचे आहेत हे समजतं. माझ्यावर ढकला, एका म्हाताऱ्याने नको म्हटलं म्हणून सांगा.

आणखी एक कारण. कॅनडात १ सप्टेंबर २०११पासून तयार झालेल्या छोट्या गाड्या आणि हलक्या व्हॅनना इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचा झाला. गाडी आडवी होऊ लागली की तो एकेका चाकाचा ब्रेक आपोआप दाबून तिला सरळ करायला बघतो. माझ्या त्या पहिल्या व्हॅनमध्ये तो नव्हता. त्याआधीच्या काही गाड्यांत असतो, काहींत नसतो. जुनी गाडी बघताना हे आवर्जून विचारा.

ग्रँड कॅरव्हॅन दिसायला साधी, पण पुढचं इंजिन आणि पुढचीच चाकं या हिशेबाने स्नोला मुळातच बऱ्यापैकी जुळलेली आहे. या शहरात अशा फ्रंट व्हील मिनीव्हॅनवर लोकांनी पोरंबाळं वाढवली, हॉकीची पोतडी वाहिली. पंच्याहत्तर किलोने तिचा तोल ढळत नाही. तिचा दोष म्हणजे पोट जमिनीजवळ. रात्री प्लाऊ, म्हणजे स्नो बाजूला सारणारी गाडी, रस्ता साफ करून जातो आणि तुमच्या घरापुढच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी गुडघाभर घट्ट बांध घालून जातो. तो न काढता मिनीव्हॅन वरून नेली की ती पोटावर टेकते आणि चाकं हवेत फिरतात. अशा वेळी सिएनाही टेकते. पोट टेकल्यावर चार चाकं फिरली काय आणि दोन फिरली काय. फावड्याला पर्याय नाही.

ऑल व्हील सिएना मला आवडते. २०२१पासूनची हायब्रिड आहे, मागच्या चाकांना स्वतंत्र इलेक्ट्रिक मोटर आहे, निघताना आणि चढावर तिची मदत छान होते. दारोदार थांबत, पुन्हा निघत जाणाऱ्या कामात हायब्रिडमुळे पेट्रोलही वाचतं. छोटी एसयूव्ही जमिनीपासून थोडी उंच, त्यामुळे न साफ झालेल्या गल्लीत ती मिनीव्हॅनपेक्षा वरचढ. पण डबे ठेवायला जागा कमी, आणि सरकतं दार नाही. दिवसातून साठ वेळा दार उघडायचं असेल, दोन्ही बाजूंना स्नोचे ढीग असतील, तेव्हा सरकत्या दाराची किंमत कळते.

म्हणजे निर्णय कशावर? तुमचा ड्राइव्हवे चढाचा आहे का? गिऱ्हाईक नव्या वसाहतींच्या आतल्या गल्ल्यांत आहेत का, जिथे प्लाऊ शेवटी पोचतो? सकाळी सहालाच निघावं लागतं का? पुढे एल्मरपलीकडे गॅटिनोच्या टेकड्यांकडे गिऱ्हाईक वाढणार आहेत का? यांतल्या दोनतीन गोष्टींना 'हो' असेल तर सिएनासाठी पैसे ताणा. नसेल, आणि डबे जेवणाच्या वेळेला म्हणून अकराच्या सुमारास निघत असतील, तर तोवर मोठे रस्ते सहसा साफ झालेले असतात. मग मी तुमच्या जागी २०१५ची कॅरव्हॅन घेईन, वाचलेल्या पैशांतून नवेकोरे चार विंटर टायर बसवीन, आणि नवी बॅटरी. ऑल-सीझनवरची सिएना आणि विंटर टायरवरची कॅरव्हॅन यांत ब्रेक मारायची वेळ आली, तर मला कॅरव्हॅनमध्ये बसायला आवडेल. घेण्याआधी गाडी उचलून खालचा गंज मात्र दाखवून घ्या. मिठामुळे इथे गाड्या वरून नव्या आणि खालून चाळण झालेल्या असतात. आणि विमावाल्याला डबे पोचवण्याचं काम आहे हे आधीच सांगा. घरगुती पॉलिसीत ते सहसा बसत नाही, अपघातानंतर कळलं तर वांधे होतात.

बॅटरीचं म्हणालो, कारण कडाक्याच्या थंडीत तिची ताकद बरीच घटते आणि त्याच वेळी इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. बाहेर उघड्यावर गाडी लावणार असाल तर इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर बसवून घ्या, रात्री वायर प्लगमध्ये. काच धुण्याचं पाणी उणे ४० पर्यंतचं घ्या, साधं पाणी चुकूनही नाही.

चालवण्याबद्दल लोक पानंच्या पानं लिहितात. तुम्हाला एकच सांगतो: मागे आमटी आहे असं समजून चालवा. तुमच्या बाबतीत ती खरोखरच असणार! ब्रेक, स्टेअरिंग, ॲक्सिलरेटर, काहीही झटक्याने नको. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही. समोरच्या गाडीपासून उन्हाळ्यात ठेवता त्याच्या तिप्पट अंतर ठेवा, आणि मध्ये कोणी घुसला तर घुसू द्या, पुन्हा अंतर वाढवा. जोरात ब्रेक मारावाच लागला तर पायाखाली पेडल थरथरेल, खडखड आवाज येईल. तो एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जॅम होऊ न देणारी यंत्रणा, त्याचं काम करतोय. घाबरून पाय काढू नका, दाबून ठेवा आणि जिकडे जायचंय तिकडे बघत स्टेअरिंग वळवा.

रुतलात तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका. चाकाखालचा स्नो वितळून गुळगुळीत बर्फ होतो, खड्डा आणखी खोल जातो. आधी फावड्याने चाकांपुढचं आणि पोटाखालचं काढा, थोडी वाळू टाका, चाकं सरळ करा. चाकं जागच्या जागी फिरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल अशा वेळी ताकद तोडत राहतो, तो बटणाने तात्पुरता बंद करा, आणि हलकेच पुढे-मागे झुलवत बाहेर या. निघालात की बटण परत चालू. गाडीत बसून वाट बघायची वेळ आली तर इंजिन सुरू ठेवण्याआधी मागे जाऊन सायलेन्सरचं तोंड स्नोने बुजलेलं नाही ना ते बघा. बुजलं असेल तर विषारी वायू आत येतो, आणि त्याला वास नसतो. मुलं सोबत असताना हे दुप्पट लक्षात ठेवा.

गोठणारा पाऊस, म्हणजे जमिनीला लागताच बर्फ होणारा, पडेल त्या दिवशी डबे बंद. जानेवारी १९९८मध्ये इथे असा पाऊस दिवसचे दिवस पडला होता, विजेचे मनोरे वाकले. तेवढा दर वर्षी पडत नाही, पण अर्ध्या दिवसाचा हमखास पडतो. त्या काचेवर कोणतीच गाडी चालत नाही, सिएनाही नाही. गिऱ्हाइकांना सुरुवातीलाच सांगून ठेवा की मोसमात असे दोनचार दिवस जातील. इथली माणसं समजून घेतात, स्वतः घरीच बसलेली असतात.

टायर कधी बदलायचे हेही विचारलं होतंत. स्नोची वाट बघू नका. ऑक्टोबर संपता संपता बदला. पहिला स्नो पडल्यावर गॅरेजमध्ये तीन आठवड्यांची रांग लागते. एप्रिलच्या मध्यानंतर काढा.

आणि पहिला स्नो पडेल त्या रविवारी सकाळी सातला एखाद्या मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये जा. दिव्याच्या खांबांपासून लांब. चाळीसच्या वेगाने ब्रेक मारून बघा, गाडी किती लांब जाते ते पावलांनी मोजा. गोल फिरवून बघा, कुठे घसरायला लागते ते अंगाला कळू द्या. जाताना दहाबारा रिकामे डबे साध्या पाण्याने भरून, झाकणं सैल ठेवून मागे ठेवा. तासाभराने मागचं दार उघडून चटई किती भिजली ते बघा. चटई कोरडी राहीपर्यंत दर रविवारी हेच करा, आणि एल्मरचे डबे त्यानंतर घ्या.